विनीमावशीचं नाक

आमच्या प्रेस्टन गावच्या विनीमावशीचं नाक म्हणजे नाक होतं बाबा! एप्रिलात खडकांच्या सावलीला बर्फ अजून टिकून असायचा, तेव्हाच ती रानात गुडघ्यांवर बसायची, वाळका पाला हुंगायची आणि बरोब्बर जागी हात घालायची. पाल्याखाली जमिनीला चिकटून मेफ्लॉवरचा वेल असायचा, त्याला नखाएवढी गुलाबी-पांढरी, गोड वासाची फुलं. शनिवारी हॅलिफॅक्सच्या बाजारात ओल्या शेवाळात बांधलेल्या तिच्या जुड्या नऊच्या आत संपायच्या. बाकीच्या बायका तोंडात बोट घालून बघत राहायच्या.

फुलांची जागा मात्र तिनं सख्ख्या नवऱ्यालाही कधी सांगितली नाही. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, रानाची वाट दिसेना. जागा कुणाला तरी दाखवायलाच हवी होती, नाहीतर ती तिच्याबरोबरच संपणार. घरात दुसरं बाईमाणूस म्हणजे एकटी सून, हेस्टर. आणि या बयेनं पहिल्याच वसंतात चर्चमागच्या उतारावरून टोपलीभर वेल ओरबाडून आणले!

मावशीनं टोपलीतले वेल चाचपले. देठांना मुळं लोंबत होती.

"हे काय गं? मुळासकट?"

"ओढलं की सगळं सरसर येतं, आई. कात्रीनं एकेक कापत कोण बसणार?"

"मी बसले की जन्मभर! मला काय दुसरे उद्योग नव्हते?"

मावशी रात्रभर धुमसली. रविवारी चर्च सुटल्यावर तिनं सुनेचा दंड धरला आणि पायांच्या सवयीनंच तिला रानात नेलं. एका बोडक्या उतारावर थांबून विचारलं, "काय दिसतंय?"

"काही नाही. पाला आणि दगड."

"इथं अंगणभर वेल होता, माझ्या सासूचा. मी नवी नवरी, तुझ्यासारखीच घायकुती. एका सकाळी सगळा उपटला आणि मिरवत घरी नेला. सासू एका शब्दानं बोलली नाही गं. बोलली असती तर बरं झालं असतं. एकतीस वर्षं दर वसंतात इथं येऊन हुंगते, पण..."

मावशी बोलता बोलता थांबली. नाक वर केलं. मग धपकन खालीच बसली.

"हेस्टर, हा पाला उचल. हळू, हळू!"

पाल्याखाली वीतभर वेल होता आणि त्याला तीन फुलं.

"आहेत, आई! तीन आहेत!"

मावशीनं गळ्यात दोरीला अडकवलेली कात्री काढून सुनेच्या हातात दिली. "काप."

बराच वेळ कात्रीचा आवाज आला नाही.

"काप की! हात बांधलेत का तुझे?"

"नाही कापणार मी," हेस्टर म्हणाली. तिनं पाला होता तसा पुन्हा पसरला.

मावशी ढसाढसा रडली. मग बाहीनं नाक पुसून म्हणाली, "ती कात्री आता तुझ्याच गळ्यात घाल. चल, ओढ्यापलीकडे जायचंय. आणि माझ्या लेकाला जागा सांगितलीस तर याद राख!"