रविवारचा रकाना

“उठा पैलवान!” असं म्हटल्याशिवाय काकू वजनाला हात लावायच्या नाहीत. पदर कमरेला खोचायचा, तळहात एकमेकांवर घासायचे, जमिनीवरच्या लोखंडी दांड्याकडे दटावून बघायचं आणि म्हणायचं, “उठा पैलवान, किती लोळता?” मग दांडा मुकाट्याने वर यायचा. दुपारच्या बायकांच्या बॅचमध्ये हशा पिकायचा. मीही हसायचो.

परळीत माझी जिम आहे. जिम म्हणजे पत्र्याचं शेड, दोन आरसे आणि रोज सकाळी डंबेलवर बसलेली वीज केंद्राची राख पुसायचं फडकं. मागच्या गल्लीत काकूंची पिठाची गिरणी. लहानपणी मी तिथे दळणाचा डबा घेऊन जायचो, म्हणून माझ्या छातीचं माप कितीही वाढलं तरी त्या मला अरेतुरेच करायच्या. वर ‘मास्तर’ म्हणायच्या, पण त्यात आदर कमी आणि खोडी जास्त.

साठीला टेकलेल्या काकू एक दिवस दारात उभ्या राहिल्या. अंगावर पिठाचा हात फिरलेली साडी.

“मास्तर, वझं कसं उचलायचं त्ये शिकीव. कंबर लई धरती.”

मला वाटलं, गिरणीतल्या पोत्यांचं म्हणत असतील. मी कार्ड करून दिलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार व्यायाम. मधले वार आणि रविवार विश्रांती. त्यावर माझं ठरलेलं भाषणही दिलं. असे मास्तर तुम्हालाही भेटले असतील. उचलताना स्नायू थकतो, आरामात तो भरून येतो, एकदा ताण दिला की निदान एक दिवस मध्ये जाऊ द्या, रोज रोज उचलणारा लवकर मोडतो, वगैरे. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“आन सुट्टी न्हाई मिळाली तर?”

“घ्यायची काकू. सुट्टी कोन देत नसतं.”

“त्येच म्हनते मी,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

महिन्याने कार्ड बघायला घेतलं तर सातही रकाने भरलेले. व्यायामाच्या दिवशी पंधरा किलो, वीस किलो, बरोबर. विश्रांतीच्या प्रत्येक वारी मात्र ठसठशीत अक्षरात ‘ऐंशी’. मी भडकलो. सगळ्या बायकांसमोर म्हणालो, “काकू, कावून चेष्टा करता? भरतीच्या पोरांना ऐंशी झेपंना!”

“मग काय खोटं लिहू? रोजच उचलते. जिमच्या दिवशी रकान्यात जागा न्हाई म्हनून सोडलं.”

बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढच्या मंगळवारी दळण घ्यायला गेलो. गिरणी बंद होती, मागचं दार उघडं. आतून आवाज आला, “उठा पैलवान, किती लोळता?”

काकूंचे मालक खाटेच्या कडेला बसलेले होते. तरुणपणी हा माणूस जत्रेतला दगडी गोटा छातीवर घ्यायचा. चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. काकूंनी त्यांचे गुडघे आपल्या गुडघ्यांत धरले, काखेतून हात घातले आणि एका दमात त्यांना खुर्चीवर घेतलं. पाठ ताठ, जोर मांड्यांवर, वजन अंगाशी. मी शिकवलेलं सगळं बरोबर चाललं होतं. मला माझ्या भाषणाची लाज वाटली. लकव्याचं मी ऐकून होतो, पण त्यांना रोज उचलतं कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. तुमच्या गल्लीतही असं एखादं घर असेल. विचारून बघा.

मुलगा पुण्याला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात. आणि पैलवानांचा हट्ट असा की परक्याचा हात अंगाला लागू द्यायचा नाही. चार वर्षांत काकू गल्ली सोडून कुठे गेल्या नव्हत्या. आष्टीला सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न झालं, तेही त्यांनी फोनवरच बघितलं. पैलवान दुपारी तासभर झोपायचे, तेवढीच जिम.

“रविवार माझा,” मी म्हणालो.

पहिल्या रविवारी पैलवानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी खाटेजवळ जमिनीवर बसलो. “वस्ताद, आमी मशिनीवरचे पैलवान. गोटा कसा उचलायचा तेवढं शिकवा.”

मग जड जिभेने शब्द आले, “कंबर… न्हाई. मांडी.”

त्यांच्याच हुकुमाने मी त्यांना उचललं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. हात पदरात, पदरातून बाहेर, परत पदरात.

“मास्तर, हात मोकळे आसले की कुटं ठिवायचे रे?”

असे सात रविवार झाले. काकू एकदा वैजनाथाला जाऊन आल्या, एकदा नुसत्या झोपल्या. रविवारच्या रकान्यात मी माझ्या हाताने ‘विश्रांती’ लिहायचो.

आठव्या रविवारी आमच्या नेत्यांचा वाढदिवस होता. माझं शेड त्यांच्या जागेत आहे. निरोप आला, जिमची सगळी पोरं घेऊन स्टेजजवळ उभं राहायचं. अशा निरोपाला नाही म्हणता येत नाही, निदान मला आलं नाही. दहा वाजता काकूंना दोनदा फोन केला. उचलला नाही. कामात असतील म्हणत फोन खिशात टाकला आणि टाळ्या वाजवायला लागलो.

काकूंनी नऊपर्यंत माझी वाट बघितली होती. मग पैलवानांना संडासला थांबवेना. त्यांनी उचललं, अर्ध्यातच कंबर गेली, आणि दोघं खाली आले. काकू खाली, अंगावर पैलवान. हाका मारल्या, पण गल्लीत वाढदिवसाचे भोंगे लागले होते. दिवेलागणीला शेजारीण पीठ मागायला आली, तेव्हा त्यांना सोडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर काकू खाटेशेजारी सतरंजीवर पडलेल्या.

“तुजा फोन ऐकला आमी,” त्या म्हणाल्या. “दोनदा वाजला. फळीवर व्हता.” मग माझा चेहरा बघून त्यांनीच मला सांभाळून घेतलं. “ह्ये म्हनले, मास्तर न्हाई आला. मी म्हनलं, गप पडा, आज रविवार हाय. दिवसभर इस्रांती झाली बग.”

हा विनोद मी आजवर कुणाला सांगू शकलेलो नाही.

आठ दिवसांनी मुलगा गाडी घेऊन आला. पुण्यात तळमजल्यावर भाड्याची खोली मिळाली होती. पैलवानांना माझ्या चार पोरांनी गाडीत बसवलं. त्या दिवशी ते कुणाच्या हाताला नाही म्हणाले नाहीत. काकूंना तर उभंही राहता येत नव्हतं.

“मास्तर, त्या रविवारी कार्डावर काय लिवलंस?”

“काही न्हाई. कोरं ठेवलंय.”

“ऐंशी लिही. उचललं व्हतं मी, निम्म्यापातुर.”

मी गुडघे वाकवले, पाठ ताठ केली आणि त्यांच्याखाली हात घातले. चाळीस किलोसुद्धा भरल्या नसत्या, पण मला काही त्या उचलवेनात. तेवढ्यात गाडीतून जड आवाज आला, “उठा… पैलवान.”

काकूंनी पदर तोंडावर घेतला. मी त्यांना उचललं.

गाडी वळणावरून गेली. मी जिममध्ये आलो, कार्डावरची राख पुसली आणि रविवारच्या कोऱ्या रकान्यात ऐंशी लिहिलं.