एकशे बारावी फळी

९ फेब्रुवारी १९८७ रोजी मेपलच्या एकशे बारा ताज्या फळ्या सुकवणीच्या शेडमध्ये रचल्या गेल्या आणि त्यांचा ओलावा अडुसष्ट टक्के होता, एवढे शेडच्या वहीवरून निश्चित म्हणता येते. पुढचे बरेचसे तात्यांच्या मुलीच्या सांगण्यावर उभे आहे.

तात्या लाकूड सुकवत. शेडच्या झडपा दिवसातून दहादा उघडत-मिटत, म्हणून करवतीवरचे लोक त्यांना ‘फुंकर’ म्हणत. मुलगी सुतार झाली होती. वाचनालयाची मेजे हे तिने स्वतंत्रपणे घेतलेले पहिले काम. मंजूर झालेला नमुना दुधाच्या रंगाचा होता; फळ्या काळवंडल्या तर काम दुसऱ्याकडे जाणार होते.

त्या दिवशी तात्या दाढ काढून घरी पडले होते. कापलेली फळी त्याच दिवशी रचायची, हे मुलीला ठाऊक होते. पण फळ्यांमधून वारा खेळावा म्हणून घालायच्या कोरड्या पट्ट्या कमी पडल्या. तिने त्याच ओंडक्याच्या उरलेल्या कडांच्या पट्ट्या फाडल्या आणि थप्पी पुरी केली.

सकाळी तात्यांनी एक पट्टी ओढून सुजलेल्या गालाला लावली.

“ही कुठली?”

“कालचीच, बाबा. सरळ आहे ना?”

“सरळ आहे, पण ओली आहे, बाई! टेकली तिथे राखाडी पट्टा उठेल. आत मुरला तर रंधा झिजेल, डाग जायचा नाही.”

“मग आता?”

“आता आईसमोर उभी राहायची तयारी कर. पलंग मोडायचाय.”

पलंगाच्या तळाच्या पट्ट्या वीस वर्षे वाळलेल्या होत्या. आईने विचारले, “नेमकी कुठली दाढ उपटली हो त्याने? अक्कलदाढ?” आणि गादी स्वतःच उचलून दिली.

दुपारपर्यंत थप्पी उतरवून नव्याने रचली गेली. एक रात्र मात्र ओल्या पट्ट्या फळ्यांना टेकून राहिल्या होत्या; डाग आत मुरला की नाही हे रंधल्याशिवाय कळणार नव्हते, आणि तात्यांना चैन पडेना. ऊब वाढवावी तर लाकूड तांबूस होते, कमी ठेवावी तर बुरशी धरते. ते भरल्या ताटावरून उठत, अर्ध्या वाटेवरून परत फिरत, झडपा पाहून येत. मुलगी रोज विचारी. ते रोज म्हणत, “ठीक आहे.”

वहीतला ‘रंग’ हा रकाना १९ तारखेपर्यंत नियमित भरलेला आहे. २० तारखेपासून तो कोरा आहे. ओलाव्याचे आकडे मात्र एकही दिवस चुकलेले नाहीत. त्याच २० तारखेला शेडमागे रंध्याची ओलसर सालपटे पाहिल्याचे मुलीला आठवते.

३ एप्रिलला ओलावा आठ टक्क्यांवर आला. फळ्या बाहेर निघाल्या, रंधल्या गेल्या. सगळ्या नमुन्यासारख्या फिकट. मेजे वेळेवर पोहोचली.

“बाबा, एकशे अकराच आहेत.”

“मोजताना चुकली असशील.”

फळ्या शेडमधून निघाल्या तेव्हाच तिने त्या दोनदा मोजल्या होत्या. तात्या आता हयात नाहीत. न राहवून त्यांनी एक फळी मुदतीआधी रंधली, हा तिचा तर्क पटण्यासारखा आहे, पुरावा नाही. त्या फळीवर पट्टा होता की नव्हता, आणि असल्यास पुढचे बेचाळीस दिवस ते ‘ठीक आहे’ कशाच्या बळावर म्हणत राहिले, हे अज्ञात आहे.