नऊ सेनापतींची फौज

केजात गणपती घडवणारा आमचा दोस्त उत्तरेश्वर दोन महिने गणपती करतो आन उरलेलं वरीस सैनिक. शाडूचे, बोटाएवढे. सातवाहनांचे हत्ती, क्षत्रपांचे घोडे, भालेवाले, तिरंदाज. टेबलावर रणांगण मांडायचं, फासे टाकायचे, टेपानं मोजून फौज सरकवायची आन दोन हजार वर्षांमागची लढाई परत लढायची, असला त्याचा नाद. बायको सुभद्राबाई म्हणते, "लेकरांनी खेळणं सोडलं आन बापानं धरलं."

खेळायला गडी एकच, युसूफ वडगाव गावचे भगवानराव, माजी सभापती. हा माणूस कधी हरलाच न्हाई. फासा वाईट पडला की म्हणायचा, "ह्यो कडेला लागला, धरू नका." टेप त्यांचेच कार्यकर्ते धरायचे, मग काय, त्यांचे घोडे टेबलाबाहेरसुद्धा पोचायचे. उत्तरेश्वरला एकच ध्यास, ह्या माणसाला एकदा कायद्यानं हरवायचं. जेवताना तेच, झोपेत तेच.

औंदा त्याच्या पुतणीनं, दीपमालानं, इंटरनेटवरून नवे नियम काढून मराठीत करून दिले. मुद्दा सोपा हुता. सेनापती कितीबी ठेवा, पण ज्या तुकडीच्या वीतभर अंतरात सेनापती हाय तीच हालणार, बाकीच्या जागेवर उभ्या. आन मुख्य सेनापतीला शत्रूचा हत्ती भिडला की खेळ खलास. पंच मी. टेप माझ्याच हातात ठेवला, कुणाच्या बापाला दिला न्हाई.

नियम खेळून बघायचे म्हणून रविवारी बसलो. 'सेनापती कितीबी' एवढंच भगवानरावांनी ऐकलं आन त्यांचा चेहरा फुलला. निवडणूक तोंडावर, कुणाला नाराज करून चालणार हुतं? ज्या कार्यकर्त्याला तिकीट देता येत न्हाई त्याला सेनापतीचा घोडा दिला. भारत उपसेनापती, हनुमान कार्याध्यक्ष सेनापती, असे मोजून नऊ झाले.

"भारत, तुझा घोडा डाव्या अंगाला लाव," भगवानराव म्हणाले.

"न्हाई साहेब, आमी तुमच्याजवळच बरे."

लांब जायला कुणीच तयार न्हाई. साहेबांच्या उजव्या हाताला कोण, ह्यावरच चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. अखेर नऊच्या नऊ घोडे भगवानरावांच्या मुख्य सेनापतीच्या हत्तीभोवती दाटीवाटीनं उभे राहिले, स्टेजवर उभे राहतात तसे. पुढं सगळी फौज बेवारस.

पहिली चाल त्यांची. मी टेप लावला. "हालत न्हाई."

"कावून?"

"सेनापती लांब हाय, साहेब."

"मग एकानं जावा की पुढं."

नऊही जण छताकडं बघाय लागले. मला असं हसू फुटलं की टेप हातातनं सुटला.

इकडं उत्तरेश्वरचे हत्ती सेनापतीला संगं घेऊन सरकत निघाले. उभ्या फौजेच्या मधनं हत्ती आरामात गेले, कुणी अडवलं न्हाई. एकच चाल राहिली.

तेवढ्यात भगवानराव उठले. शेजारची खुर्ची स्वतःच्या हातानं पुसली आन म्हणाले, "उत्तरेश्वरराव, या, हितं बसा. एवढी हुशारी केजात हाय आन आमाला पत्ता न्हाई? पुढच्या सभेला तुमी स्टेजवर पायजे."

त्याला राव म्हणणारा माणूस आजवर जन्मला नव्हता. सख्खी आई उत्र्या म्हणायची. तो खुर्चीकडं बघतच राहिला.

"चाल खेळ बे," मी त्याला कोपरानं ढोसलं, "वीतभरच राहिलंय."

त्यानं हत्तीला हात लावला न्हाई. आपला सेनापती उचलला आन भगवानरावांच्या घोळक्यात, पार मागच्या रांगेत, नेऊन ठेवला. दहावा.

माझं डोकंच फिरलं. "अशी चाल नियमात न्हाई," मी म्हणालो.

"मग घाला की नियमात," भगवानराव म्हणाले.

दोन्हीकडचे मुख्य सेनापती एकाच बाजूला, पंचानं करावं काय? भगवानराव जिंकले असं मी जाहीर केलं. पहिली टाळी उत्तरेश्वरनं वाजवली.