पाठकोऱ्या कागदावरचा किल्ला

बाबांना किल्ला दाखवायला न्यायचं ठरलं तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. टोक्योहून हाकातापर्यंत शिनकानसेन ही बुलेट ट्रेन, तिथून पुढे दुसरी गाडी, एवढ्या दोन गाड्यांचं वेळापत्रक मी पाच वेळा तपासलं. सहाव्यांदा फोन काढला तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, जपानची गाडी आहे. ती वेळेवर येणार. तू बस बघू."

बसणं मला कधी जमलंच नाही. त्या दिवशी तर अजिबात नाही.

किल्ला मूळचा हॉलंडचा. बाबांचं बालपण वेंगुर्ल्यातलं. डचांच्या पडक्या वखारीत खेळून ते मोठे झाले, पुढे इतिहासाचे मास्तर झाले, आणि वखार बांधणारी ही माणसं आली कुठून, या कुतूहलापायी तिकडच्या एका किल्ल्यापाशी जाऊन अडकले. निवृत्त झाल्यावर त्याचाच इतिहास लिहायला घेतला. नदीकाठी आधी एक बुरूज होता. तो भांडणात जळला, पुन्हा बांधला, पुन्हा जळला. शेवटी फ्रेंच सैन्याने परत जाताना पेटवून दिला, तोही बांधून काढला. सरदार गेले, व्यापारी मालक झाले. हे सगळं बाबांनी दोन पानांत उरकलंय. उरलेली वही किल्ल्याच्या वाडीवर आहे: कुरणं, फळबागा, लिंबाच्या नव्हे तर लिंडन नावाच्या झाडांची दुतर्फा रांग, आणि तिथे राबणारी कुळं. माळी कोण, गवळी कोण, होडीवाला कोण, कुणाची सून कुठल्या घरची. आमचे आजोबा खोताचे कूळ होते. बाबांना धन्यात रस नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

"एकदा ती घरं बघायची आहेत," एवढंच ते म्हणत. आणि मी म्हणे, "पुढच्या वर्षी नक्की." एका वर्षी नवऱ्याची बदली, एका वर्षी मुलीची शाळा, एका वर्षी माझी रजा. कारणं कमी पडली नाहीत.

या वर्षी बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे टोक्योत, ओजिमाला आले. आल्या आल्या त्यांनी कचऱ्याचं खातं ताब्यात घेतलं. जळणारा कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी, कागदाचा गठ्ठा कसा बांधायचा, सगळं नातीकडून शिकले. ती जपानीत सांगे, हे मराठीत लिहून घेत. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या आजीबाई बाबांचा गठ्ठा बघून मान डोलवायला लागल्या, तेव्हा स्वारी दिवसभर खूश.

मग स्टेशनच्या जिन्यावर त्यांना धाप लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुण्याला परत जाऊ देत, पण त्यानंतर लांबचा विमानप्रवास नको, कधीच नको. पुण्याच्या डॉक्टरांसाठी इंग्रजीत पत्रही दिलं. मी त्याचा फोटो काढून पुण्याला पाठवला आणि घरी येऊन बाबांना म्हटलं, "थकवा आहे. पुढच्या वसंतात आपण हॉलंडला जाऊ."

इतकं सहज खोटं बोलले की माझी मलाच लाज वाटली.

क्यूशू बेटावर नागासाकीकडे एक डच गाव हुबेहूब उभं केलंय आणि त्याच्या वेशीवर नेमकी याच किल्ल्याची प्रतिकृती आहे, हे मला त्याच रात्री सापडलं. दुधाची तहान ताकावर! पण मी लगेच तिकिटं काढली. विमानाने का नाही, असं बाबांनी विचारलं. "खिडकीतून देश दिसतो," मी म्हटलं. ते हसले. चोराच्या मनात चांदणं. ते हसणं मला वाटेत चारदा आठवलं.

किल्ला खरंच देखणा होता. विटांचा, टोकदार छपराचा, पुढे पाणी. पर्यटक त्याच्या पोटातून ये-जा करत होते. बाबा पाण्याच्या अलीकडे बाकावर बसले. मी उभीच. "आत जाऊया? फोटो काढू? पाचची गाडी आहे हं." त्यांनी वहीतून घडीचा कागद काढला, उलगडला आणि तो समोर धरून ते पडताळायला लागले. त्यावर त्यांनी पेन्सिलीने किल्ल्याचा आणि वाडीचा नकाशा काढला होता.

ऊन त्यांच्या समोरून येत होतं. नकाशाच्या रेषांमागून मला छापील ओळी दिसल्या आणि वरच्या कोपऱ्यात हॉस्पिटलचं चिन्ह.

फोटो काढल्यावर ते पत्र मी कागदाच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. जळणाऱ्या कचऱ्यात कोंबलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण कागद कागदात, ही इथली शिस्त माझ्या हाडीमाशी मुरलेली. तीच अंगलट आली.

"बाबा, हा कागद..."

"पाठकोरा होता. टाकवेना."

"वाचलात?"

"मास्तर आहे मी. हातात आलेला कागद न वाचता बांधीन होय?"

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मग हॉलंडचं काय?"

'पुढच्या वसंतात' हे शब्द सवयीने जिभेवर आले होते. मी ते गिळले.

"नाही बाबा. आता जमणार नाही. जमत होतं तेव्हा मी नेलं नाही."

"हं," ते म्हणाले.

मी शेवटी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही. बाबांनी समोर बोट दाखवलं. "हा खोटा म्हणून तू सकाळपासून वळवळतेयस. अगं, तिकडचा तरी कुठे मूळचा राहिलाय? जळला की बांधला. किल्ला काय, कुठेही बांधता येतो." मग त्यांचं बोट नकाशावर उतरलं. नदीपलीकडचे छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात बारीक अक्षरात एकेक नाव. "पण होडीवाल्याचं घर इथे नाही. माळ्याचं नाही. ती तिकडेच बघायला हवी होती."

पाण्यावरून वारा आला. कागद फडफडायला लागला.

"धर हा दोन्ही हातांनी," ते म्हणाले आणि पेन्सिल शोधायला लागले.

मी त्यांच्याकडे वळून धरला. पाचची गाडी गेली तरी धरून होते. चित्राची बाजू त्यांच्याकडे, छापील माझ्याकडे.