शिशाची खोळ

आमच्या ह्यांना घरात स्वस्थ बसता येत नाही. जेवताना गुडघा हलतो, पेपर वाचताना चप्पल हलते, झोपेतसुद्धा पाय गादी तुडवत असतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, माणूस नवा आहे, रुळेल. आता दोघांचेही केस पिकले आणि गुडघा हलतोच आहे. असा माणूस पोटासाठी काय करतो, तर पाण्याखाली न हलता पडून राहतो.

हे पाणीपुरवठा खात्यात पाणबुडे आहेत. धरणाच्या दरवाज्यांना लोखंडी जाळ्या असतात. त्यांत फांद्या अडकतात, प्लास्टिक अडकतं, एकदा तर अख्खा सोफा अडकला होता. खाली उतरून ते सगळं मोकळं करायचं. त्या सोफ्याची आठवण हे अजून काढतात. "कापड काय सुंदर होतं," म्हणतात. मी पडदे शिवते ना, म्हणून मला खूश करायला.

मला हे काम कधीच आवडलं नाही. हे खाली असतात त्या दिवशी माझ्या मशीनवरची शिवण वाकडी जाते आणि गिऱ्हाइकं माझ्यावर उखडतात. त्यामुळे खात्यानं नवी परीक्षा काढली तेव्हा मी तोंडावर सांगितलं, "नापास व्हा आणि गोदामात बसा. कोरडे तरी राहाल."

परीक्षा अशी होती. आजवर ह्यांच्या पाठीवर हवेचा एकच सिलिंडर असायचा आणि कमरेला शिशाचा पट्टा. शिसं नसेल तर माणूस बुडतच नाही, तरंगत राहतो. आता खात्यानं पोलादी सिलिंडरांची जोडी आणली, शेजारी शेजारी पट्ट्यांनी आवळलेली. ती पाठीवर घेऊन तळापासून हातभर वर, कशालाही न टेकता, दहा मिनिटं आडवं राहायचं. पाय खाली गेले की गाळ उठतो आणि मग कुणाला काही दिसत नाही. शिवाय हे सगळं सिलिंडर जवळजवळ रिकामे असताना करायचं. हवेलाही वजन असतं म्हणे. ती संपत आली की माणूस हलका होतो आणि वर निसटायला बघतो. भरल्या सिलिंडरांवर जमवलेला तोल शेवटी दगा देतो.

पहिल्या खेपेला ह्यांचे पाय असे खाली गेले, की हे धरणाच्या तळाशी बसची वाट बघत असल्यासारखे उभे राहिले. एवढा गाळ उठला की परीक्षा घेणाऱ्या साहेबांना नुसतं तपकिरी दिसलं. साहेब म्हणाले, आणखी एक संधी, नाहीतर गोदाम. मला आनंद झाला आणि तो मी लपवला नाही.

ह्यांनी मात्र सगळा संसार माझ्या कापड बेतायच्या टेबलावर आणून मांडला. टेबलावर कापडाच्या ठाणातली पुठ्ठ्याची नळी आडवी ठेवली, तिच्यावर हे पालथे, पाठीवर दोन सिलिंडर. म्हणजे लहान मुलांचा सी-सॉ, फक्त दोन्ही बाजूंना एकच माणूस. मग शिशाचे तुकडे कधी घोट्याला, कधी खांद्याला. एकदा मानेपाशी सगळं बांधलं, तर हनुवटी थेट माझ्या बटणांच्या डब्यात.

"अगं, बघ जरा. सरळ आहे का मी?"

"सरळ माणसं दुसऱ्याच्या टेबलावर चढत नाहीत."

शेवटी तोल साधला. पंख्याच्या वाऱ्यानं किंचित डुलत हे विजयी मुद्रेनं पडून राहिले. तेवढ्यात चेहरा पडला. टेबलावर जे वजन लागतं ते पाण्यात लागत नाही, हे इतक्या वर्षांच्या पाणबुड्याच्या तेव्हा लक्षात आलं. कपाळाला हात लावायला गेले आणि टेबलावरून खाली आले.

पाणी हवं होतं, आणि परीक्षेपर्यंत धरणात उतरायला बंदी. पुढच्या रविवारी सकाळी ह्यांनी साबण लावून दोनदा आंघोळ केली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

थोड्या वेळानं इमारतीतलं पाणी गेलं. प्लंबर आला. मोटार कुणीतरी मुद्दाम बंद केलेली. त्यानं पार्किंगमधल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचललं, बॅटरी मारली आणि मागच्या मागे बसला.

"सिलिंडर आहेत," तो म्हणाला. "दोन. उभे आहेत. आणि त्यांना पाय आहेत."

मी जिन्यातूनच ओळखलं. उभे, म्हणजे पाय अजून खालीच जात होते.

त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना एकच गोष्ट हवी होती: सकाळच्या चहात नक्की काय होतं? "मी दोनदा साबण लावला होता," हे कळवळून म्हणाले. सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या वेळी पूर्वपरवानगी घ्या."

"पुढच्या वेळी?" काकू किंचाळल्या. मग खात्याकडे रीतसर तक्रार करायचं ठरलं.

रात्री हे जेवायला बसले. मी वाढत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. नंतर कळलं. टेबलावरचे पेले वाजत नव्हते. गुडघा हलत नव्हता. मला हवा होता तसा, स्वस्थ बसलेला नवरा समोर होता आणि मला तो बघवेना.

"तो पट्टा आणा इकडे," मी म्हणाले.

"कशाला?"

"पडद्याच्या खालच्या काठात मी शिसं का घालते? पडदा उभा राहावा म्हणून. तुमचंही तेच झालंय. सिलिंडरांची बुडं जड, त्यात कमरेला शिसं. सगळा भार खाली. आडवं व्हायचंय ना? मग शिसं वर घ्या."

"घोट्यापासून मानेपर्यंत सगळीकडे लावून बघितलं गं!"

"एका जागी कोंबून बघितलंत. वजन तेवढंच ठेवा, पसरून ठेवा."

हे विचारात पडले. मग म्हणाले, "सगळं नाही हं. थोडं कमरेला हवंच. अडचण आली तर झटकन सोडून देता यायला हवं."

ती अडचण कोणती, हे मी विचारलं नाही. छतावर ताणतात त्या जाड ताडपत्रीची एक लांब अरुंद खोळ शिवली. दोन सिलिंडरांच्या मधे पाठीलगत जी खाच असते, तिच्यात ती बसते. शिशाचे तुकडे तिच्यात ओळीनं घातले, खांद्यांकडे जास्त.

तक्रारीची चौकशी करायला साहेब स्वतः आले. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, हातात काठी. टाकी बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाणी स्वच्छ आहे. परीक्षा इथेच उरकू. नंतर टाकी खातं धुऊन देईल."

टाकी फुकट धुऊन मिळणार म्हटल्यावर सेक्रेटरींनी परवानगी देऊन टाकली. ह्यांनी सिलिंडरमधली हवा फुसफुसत बरीचशी सोडली, काकूंनी कानांवर हात ठेवले, आणि हे शिडीवरून खाली गेले.

पण बघणार कोण? तोंडाशी शिडी, त्यामुळे एकालाच डोकावता येणार. साहेबांना वाकता येईना. सेक्रेटरींना खाली बघितलं की चक्कर येते. प्लंबर म्हणाला, त्या भोकात मी पुन्हा डोकावणार नाही.

"वहिनी, तुम्ही बघा," साहेब म्हणाले. "पाय सरळ आहेत की खाली, एवढंच सांगा. तुमच्या शब्दावर सही करतो."

मी जमिनीवर पालथी झाले, डोकं आत घातलं, बॅटरी लावली. खाली हे पालथे, वर मी पालथी. कुठेही न टेकता ते पाण्यात पडून होते. एकेक बुडबुडा वर येत होता. गुडघा हलत नव्हता, पण त्या रात्री जेवताना हलत नव्हता तसा नाही. असे निवांत मी ह्यांना जन्मात बघितले नव्हते. कुणावर ते माहीत नाही, पण मला भयंकर राग आला.

"पाय?" वरून साहेब.

"पाय कुठेत?" काकू.

"गेले खाली" म्हटलं असतं की काम झालं असतं. रोज पाचला घरी. कोरडे. पेले वाजणार नाहीत असे.

"सरळ," मी म्हणाले. टाकीत आवाज एवढा घुमला की मीच दचकले.

"शेवटपर्यंत बघा!"

मी बघितलं. विचारतील तेव्हा सरळ म्हणाले. सेक्रेटरींनी वेळ झाली म्हटल्यावर मी शिडी ठोकली, घरी बाथरूमचं दार ठोकते तशी. हे वर आले. साहेब सही करत होते, काकूसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. ह्यांनी तोंडातली नळी काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खोळ डावीकडे जरा ढिली आहे गं."

मी ह्यांना सगळ्यांसमोर चांगलं झापलं. मग दुपारी ती खोळ उसवली आणि पुन्हा शिवली, दुहेरी दोऱ्यानं.