जाणाऱ्या इंजिनाला पाणी

उन्हात तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की एक वास उठतो. तो धड मातीचा नसतो, धड तेलाचाही नसतो. गंज, जुनं ग्रीस, धूळ आणि वाफ यांच्या संगमातून उगवलेला तो वास क्षणभर नाकाशी रेंगाळतो आणि विरतो. पण विरता विरता मला हाताला धरून येडशीच्या अलीकडच्या एका लिंबाखाली नेऊन बसवतो. लग्नाकार्यात अत्तराचे फाये मी पुष्कळ हुंगले, देवळातला धूप हुंगला. कुणाला खरं वाटो की खोटं, या वासाची सर कशालाच आली नाही! मी शिकलेला माणूस नव्हे. निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत दोन-तीन इयत्ता काढल्या, मराठी अक्षर पुढं पोथ्या वाचून स्वतःच गिरवलं. या वासाला शुद्ध भाषेत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी तो माझ्याइतका हुंगला असेल, असंही मला वाटत नाही.

माझ्यापाशी तेव्हा एक जीप होती. मोठी लढाई संपल्यावर लष्करानं ज्या गाड्या लिलावात काढल्या त्यांतली, हात बदलत बदलत माझ्या दारात आलेली, एका दिव्यानं आंधळी आणि हॉर्नानं मुकी. निजामाचं राज्य जाऊन आमचा जिल्हा मराठी मुलखात आला होता, सडकेवरून एस.टी. धावू लागली होती, पण एस.टी. धावायची ती सडकेवर. रामलिंगाच्या डोंगरापाठीमागं आमच्यासारखी जी गावं होती, त्यांच्या आणि सडकेच्या मधे काळी चिकट रानं आणि एक आडदांड ओढा पसरलेला. त्या चिखलातून, त्या दगडधोंड्यांतून माझी जीप घोरपडीसारखी सरपटत यायची. बाजाराची पोती, नवरदेव, तापानं फणफणलेलं माणूस, सगळ्यांना तिनं सारख्याच हादऱ्यांनी सडकेला लावलं. गाव मला ड्रायव्हर म्हणायचं, आणि मी ओ द्यायचो ती मोठ्या ऐटीत.

तिचं इंजिन एका उन्हाळ्यात घाटात फुटलं. धाराशिवच्या अंबादास मिस्त्रीनं बॉनेट उचललं, ब्लॉकवरून बोट फिरवलं आणि तडा मला दाखवला. केसाएवढी रेघ, पण त्या रेघेतून माझं सगळं जगणं गळून चाललं होतं. मिस्त्री म्हणाला, भंगारात घाल आणि मोकळा हो. माणूस हाताचा सोन्यासारखा, जिभेचा मात्र करवतीसारखा.

भंगारात घालायची तर कशी? घरात माझी रुक्मिण पोटुशी होती. आधीच्या खेपेला जीप नव्हती. पावसाळ्यात तिला बैलगाडीत घालून निघालो, आणि ओढ्याच्या गाळात गाडी आसापर्यंत रुतली. चाकं निघाली तोवर लेकरू गेलं होतं. त्याविषयी आम्ही दोघं कधी बोललो नाही. पण मी जीप घेतली ती धंद्यासाठी, असं जे गाव समजत होतं, ते अर्धंच खरं होतं. पुन्हा पावसाळा तोंडावर आला होता, दिवस भरत आले होते, ओढा होता तिथंच होता, आणि जीप दारात मेल्या जनावरासारखी पडली होती.

मग मिस्त्रीनंच, जाता जाता, गफूरचाचांचं नाव काढलं. वर हेही सांगितलं की म्हातारा देणार न्हाय, उगं चप्पल झिजवू नको.

गफूरचाचांना त्या भागात कोण ओळखत नव्हतं? उभं आयुष्य त्यांनी ट्रक हाकला. सरकी, भुईमूग, कापसाच्या गाठी बार्शीच्या गिरण्यांना पोचवल्या. एकदा ट्रक उलटला, चेसिस पिळवटली, चाचांचा एक गुडघा कायमचा आखडला. ट्रक ओढून त्यांनी आपल्या विहिरीशेजारच्या लिंबाखाली उभा केला आणि स्वतः मोट हाकायला लागले. पण दर शुक्रवारी नमाज झाली की ते त्या ट्रकापाशी जायचे, रेडिएटरात ताजं पाणी ओतायचे आणि हँडल घालून इंजिन हातानं फिरवायचे. पेट्रोल नाही, कुठं जायचं नाही, नुसतं फिरवायचं. येणारेजाणारे हसायचे. म्हाताऱ्याला वेड लागलंय म्हणायचे. वेड आणि निष्ठा यांच्यातली सीमा आखायला विधात्यालाही जमली नसेल, तिथं रस्त्यानं जाणाऱ्याला कशी जमावी?

मी गेलो खरा, पण मागायला जीभ उचलेना. आजवर कुणापुढं हात पसरला नव्हता. लिंबाखाली बसून आम्ही बैलांविषयी बोललो, कडब्याविषयी बोललो, एस.टी.च्या ड्रायव्हरांना क्लच कसा दाबावा ते कळत नाही यावर आमचं दोघांचं झकास जमलं. उन्हं उतरायला लागली. शेवटी मी उठलो आणि एवढंच विचारलं, की चाचा, जरा हँडल मारून बघू का? त्यांनी हँडल आणून दिलं. फिरवलं मात्र, आणि त्या मेलेल्या ट्रकाच्या पोटात सहाच्या सहा सिलिंडरांनी एकामागून एक असा भरदार श्वास घेतला की माझ्या हाताला घाम फुटला! जीपच्या चार सिलिंडरांवर पोसलेला हात तो. त्याला हा श्वास पेलवेना.

चाचा माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "घरवाली कैसी है तेरी?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ओढ्यातली गोष्ट सगळ्या टापूला ठाऊक होती. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "ले जा इसकू. मगर हर जुम्मे कू हँडल मारना. बैठने नक्को दे."

दुसरी अट नाही, दुसरा शब्द नाही. घेणारे पुष्कळ आले होते, हे मला मागाहून कळलं. सगळ्यांनी आधी भाव विचारला होता.

जीप चाचांच्या मळ्यापर्यंत न्यायची, तर बैल जुंपूनच. वाटेत प्रत्येक पारावरून शेरा आला. एकानं विचारलं, बैलाला पेट्रोल किती लागतं? दुसरा म्हणाला, आता खरी बैलगाडी झाली बघा. मी स्टिअरिंगवर ताठ बसून होतो. ज्याची गाडी बैल ओढतात त्यानं निदान मान तरी ताठ ठेवावी, असं माझं मत तेव्हा होतं, आजही आहे.

इंजिन उचलायला कप्पी नव्हती, साखळी नव्हती. मिस्त्रीनं मोटेचं चाक काढून लिंबाच्या जाड फांदीला बांधलं, मोटेचाच नाडा इंजिनाला आवळला, आणि दुसऱ्या टोकाला चाचांचे मोटेचे बैल जुंपले, हरण्या आणि मान्या. बेत सरळ होता. बैल पुढं चालतील, इंजिन वर येईल, ट्रक मागं ढकलायचा, आधीच इंजिन काढलेली जीप खाली सरकवायची. रेडिएटर, नळ्या, तारा सगळं मिस्त्रीनं आदल्या दिवशीच सोडवलं होतं, पाणी काढून टाकलं होतं. चाचांनी बैलांना हाक दिली, नाडा करकरला, आणि इतकी वर्षं एका जागी बसलेलं ते अवजड काळं धूड हळूहळू आपल्या घरट्यातून उठलं. मी आणि मिस्त्री दोन्ही बाजूंनी त्याला सावरत होतो. पुरुषभर उंचीला आलं, जरासं कललं, आणि त्याच्या पोटातून खळ्ळकन् पाणी सांडलं!

पाणी? रिकाम्या इंजिनात पाणी आलं कुठून? पण विचार करायला उसंत कुणाला होती! ज्यानं मोट पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. ज्यानं नाही त्याच्यासाठी सांगतो. मोटेचे बैल उतारावरून पुढं चालतात, तशी चामड्याची मोट भरून विहिरीबाहेर येते, आणि तिचं पाणी थारोळ्यात सांडल्याचा आवाज झाला की बैल, कुणी न सांगता, पाठमोरे मागं सरकू लागतात. म्हणजे मोट पुन्हा विहिरीत उतरते. जन्मभर तेच केलेल्या हरण्या-मान्यांनी पाण्याचा आवाज ऐकला, आणि आपलं काम चोख झालं अशा समाधानानं ते मागं येऊ लागले.

इंजिन खाली यायला लागलं. खाली ट्रकाची वाकडी लोखंडी चौकट, तिच्यावर आपटलं असतं तर ब्लॉकचे दोन तुकडे. मिस्त्रीनं बैलांच्या नावानं शिवी हासडली. मी खांदा लावला. मुंगीनं डोंगराला लावावा तसा. माझ्या डोळ्यांपुढं ना इंजिन होतं ना बैल; तो ओढा होता, आणि आसापर्यंत रुतलेलं ते चाक.

आणि मग चाचा गायला लागले. आखडलेला गुडघा ओढत ते बैलांच्या अंगाशी गेले, हरण्याच्या पाठीवर हात टाकला, आणि भरली मोट वर ओढताना जे गाणं ते रोज म्हणायचे, तेच, अर्धं मराठी अर्धं दखनी, संथपणे म्हणायला लागले. ना ओरडणं, ना चाबूक. बैलांचे कान हलले. थांबले. त्यांना वाटलं असेल, आपलंच चुकलं, मोट अजून भरलेलीच आहे. आणि म्हाताऱ्याच्या शब्दाखातर ते पुन्हा पुढं चालू लागले. नाडा ताणला, इंजिन तरंगत वर गेलं, आणि जीप त्याच्याखाली येऊन उभी राहीपर्यंत ते गाणं थांबलं नाही. तसं गाणं मी त्यानंतर कुणाच्या कंठातून ऐकलं नाही.

मिस्त्रीनं घाम पुसला आणि जिभेची करवत काढली. कुणी भरलं हे पाणी? चाचा ओशाळले नाहीत. पहाटे उठून त्यांनी इंजिनाच्या खालच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला होता आणि वरून लोटा लोटा ओतलं होतं.

"घरसे जानेवाले कू पानी बी नक्को क्या पिलाना?" ते मिस्त्रीला म्हणाले.

उन्हात तापलेल्या बंपरवर ते पाणी सांडलं होतं आणि वाफ निघत होती. तोच तो वास.

पुढचं काम मिस्त्रीचं. ट्रकाचं इंजिन आणि जीपचा गिअरबॉक्स यांची तोंडं जुळेनात. त्यानं इंजिनाच्या तोंडाला काजळी फासली, पुठ्ठ्यावर छिद्रांचा ठसा उतरवला, आणि बार्शीला लेथवर जाऊन मधे बसणारी जाड पोलादी पाटी कातून आणली. रेडिएटर वीतभर पुढं गेला, वजन पेलावं म्हणून पुढच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, ट्रकाचाच एकेक पाटा वाढवला. एवढं करूनही इंजिन उंच ते उंचच. बॉनेट काही मिटेना. तसंच दोरीनं बांधून मी जीप घरी नेली. रुक्मिण दारात आली, पोटावर हात ठेवून तिनं जीपला एक फेरी घातली आणि म्हणाली, "तुमच्यावरच गेलीय. तोंड मिटत न्हाय."

किती दिवसांनी हसली होती ती!

तिच्या कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, आभाळ गच्च भरून कोसळत असताना. ओढा तांबडा होऊन फुगला होता. काठावर चार माणसं उभी होती, हातानं नको नको करत होती. मी पहिला गिअर टाकला. पुढं काय झालं ते मी केलं असं म्हणणार नाही. पाणी पायाखालच्या फळीपर्यंत आलं, जुन्या इंजिनानं तिथंच मान टाकली असती. पण या सहा सिलिंडरांनी आवाजही चढवला नाही. भरली मोट ओढावी तशा संथ, जडशीळ, अभंग तालात त्यांनी आम्हाला पल्याड काढलं. रुक्मिणीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ कितीतरी दिवस राहिले. धाराशिवच्या दवाखान्यात दिवस मावळायच्या आत आम्हाला मुलगी झाली. रडली, आणि ते रडणं ऐकून मी बाहेर येऊन बॉनेटवर डोकं टेकलं. लोखंड अजून गरम होतं.

घरी परतताना चाचांच्या मळ्यावरून आलो. आवाज ऐकून ते लंगडत सडकेपर्यंत आले. मला वाटलं, लेकराचं तोंड बघतील. त्यांनी लेकराकडं पाहिलंसुद्धा नाही! बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "टॅपेट सैल है. तेरेकू सुनाई नई देता?" मी चिडलो. मागून रुक्मिण बोलली, की गाडी माहेरी आली न्हवं, मग आधी तिचीच विचारपूस व्हणार. मग चाचा हसले. आधी त्यांनी रेडिएटरात पाणी ओतलं, मग त्याच विहिरीचं पाणी रुक्मिणीला दिलं, आणि मग हात धुऊन मुलीला जवळ घेतलं. त्या क्रमात काही चुकीचं होतं असं मला आता वाटत नाही.

चाचा जाऊनही जमाना झाला. जीप पुढं पुष्कळ चालली, मग रस्ते झाले, पूल झाला, तिची गरज उरली नाही. आज ती गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी आहे. दर शुक्रवारी मी हँडल मारतो. येणारेजाणारे हसतात. भंगारवाले येतात, भाव सांगतात, मी त्यांना बसा म्हणत नाही. लेक पंचमीला माहेरी येते, तेव्हा उंबरा ओलांडायच्या आधी लोटा भरून जीपपाशी जाते. तिला कुणी शिकवलं नाही. माणूस उपकार फेडतो म्हणतात. काही उपकार फेडायचे नसतातच मुळी. ते नुसते फिरते ठेवायचे असतात, बसू द्यायचे नसतात.

परवा तामलवाडीकडचा एक माणूस आला. त्याच्या म्हाताऱ्या बापाचा, चाचांच्या ट्रकाच्याच जातीचा, ट्रक दारात उभा आहे, इंजिन संपलेलं. बापाला तो एकदा चालू झालेला ऐकायचाय, एवढंच त्याचं मागणं. बसला, पाणी प्याला, पावसापाण्याचं बोलला. भाव विचारला नाही. जीपकडं बघून म्हणाला, "आबा, जरा हँडल मारू का?"

मी हँडल आणून दिलं. त्यानं फिरवलं, आणि त्या सहा जणांचा श्वास ऐकून त्याच्या तोंडावर जे उमटलं, ते मी ओळखलं.

उद्या तो न्यायला येणार आहे. इंजिन उचलायला आता यंत्र आहे म्हणे. बैल लागत नाहीत, गाणं लागत नाही. असेल. मी मात्र पहाटे उठणार आहे. रुक्मिणीच्या जुन्या लुगड्याची चिंधी शोधून बोळा करून ठेवलाय, लोटा घासून ठेवलाय. पाणी सांडेल, तापल्या लोखंडावर पडेल, वास उठेल. तो माणूस विचारेलच, आबा, हे कुणी भरलं?