राखेत लोळवलेली कॉफी

कॉफीचं झाड मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कॉफी शिकवायला लागून एकवीस वर्षं झाली होती. किन्हवलीजवळच्या एका हायस्कूलात मी भूगोल शिकवतो. ब्राझील, व्हिएतनाम, कोलंबिया, इंडोनेशिया, इथिओपिया अशी कॉफी पिकवणाऱ्या देशांची माळ मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येते. पण पान केवढं असतं, फळ फांदीला लागतं की बुंध्याला, यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या शहापूर-मुरबाडकडे कॉफी म्हणजे किराणा दुकानात टांगलेली छोटी पुडी, आणि तीही पाहुणा शहरातला असला तरच फुटायची.

माझं हे अज्ञान उघडं पाडलं माझ्या पुतणीनं. ती नववीला माझ्याच वर्गात होती. जगाचा नकाशा फळ्यावर टांगून मी रंगात आलो होतो, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"सर, कॉफीचं फळ आतून कसं असतं?"

"आत बी असते."

"किती?"

वर्ग हसला असता तर बरं झालं असतं. पोरं वह्या उघड्या ठेवून नुसती वाट बघत राहिली. उत्तर येत नसलं की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड. "परीक्षेला येणार आहे का ते?" असं म्हणून मी तिला खाली बसवलं. घरी जाताना मात्र स्वतःचीच लाज वाटली.

त्याच नाताळच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षक चिकमगळूरला गेलो. डोंगराच्या उतारावर उंच झाडांच्या सावलीत माणसाएवढी झुडपं होती आणि त्यांच्या फांद्यांना चिकटून लालभडक फळांचे घोस. मी एक फळ तोंडात टाकलं. वर थोडासा गोड गर आणि आत एकमेकींना पोट लावून बसलेल्या दोन बिया. उत्तर अखेर जिभेवर आलं! तोडणी करणाऱ्या एका बाईंनी माझा खुळ्यासारखा आनंद बघितला आणि माझ्या रुमालात दोन ओंजळी फळं ओतली. जमीन उकरल्यासारखं करून, हात झपझप हलवून त्यांनी सांगितलं, लवकर पेरा. मला कानडीतला आभाराचा शब्द येत नव्हता. आभार राहून गेले, ते इथे मराठीत मानतो.

घरी आलो तसं वहिनीनं विचारलं, "काय काय बघितलंस?"

हा प्रश्न ती मला मी पाचवीत असल्यापासून विचारत आली आहे. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. तिचं माहेर मुरबाड तालुक्यातलं, पार डोंगराच्या पायथ्याचं. तिथली शाळा चौथीला संपायची, म्हणून तिचं शिक्षणही तिथेच संपलं. मी शाळेतून आलो की ती भाकऱ्या थापायची आणि मला म्हणायची, "आज काय शिकवलं ते वाच." मी मोठ्यानं वाचायचो. खंड, महासागर, खारे वारे, मतलई वारे, दहावीपर्यंतची सगळी पुस्तकं मी त्या चुलीजवळ वाचली. भाऊ पहाटे आसनगावला गाडी धरायचा तो रात्री यायचा. मला शिकवून शिक्षक करायचं हे ठरवलं वहिनीनं आणि शेत एकटीनं ओढून ते तडीस नेलंही तिनंच. माझ्या पायाखाली जी जमीन आहे ती तिनं घातलेली आहे.

तर त्या संध्याकाळी मी तिला कॉफीची सगळी गोष्ट सांगितली. इथिओपियाच्या डोंगरातल्या जंगलात ही झुडपं मुळात आपोआप वाढत. समुद्रापलीकडे येमेनमध्ये लोकांनी डोंगरावर पायऱ्या पाडून ती लावली, आणि तिथल्या मोखा बंदरातून कॉफी जगात जाऊ लागली. आपलं झाड दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून तिथले व्यापारी म्हणे बी उकळून नाही तर भाजूनच विकत, म्हणजे ती रुजायलाच नको. तरी एका सूफी फकिरानं सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात पेरल्या, असं तिथे सांगतात. पुढे डचांनी जावा बेटावर मळे लावले. युरोपातल्या एका काचघरात वाढवलेल्या झाडाचं रोप फ्रेंचांनी कॅरिबियन बेटांवर पाठवलं. ब्राझीलला बी गेलं ते एका पुष्पगुच्छात दडवून, अशी आख्यायिका आहे. पण पुढे तिथले अफाट मळे उभे राहिले ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर, ही मात्र आख्यायिका नाही.

वहिनी तांदूळ निवडत ऐकत होती. "म्हंजे ज्यानं त्यानं दुसऱ्याचं उचललं," ती म्हणाली. "अन् राबले ते निराळेच."

एकवीस वर्षांत इतका नेमका सारांश माझ्या एकाही विद्यार्थ्यानं लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी फळांचा गर काढला, बिया धुतल्या आणि गच्चीवर पत्र्यावर वाळत घातल्या. आम्ही भातवाले. बियाणं म्हटलं की कडक ऊन, हे आमच्या हाडात भिनलेलं. पेरायचं भात पुरतं वाळलं की नाही हे आम्ही दाताखाली धरून बघतो. दाणा कट्‌कन तुटला की बियाणं तयार. मी कॉफीच्या बियांनाही तीच परीक्षा लावली. रोज एक बी चावायची, ती वातड लागायची, की पुन्हा उन्हात. अशा किती दिवस वाळवल्या कोण जाणे. अखेर एक बी कट्‌कन तुटली आणि मी खूश झालो.

शेताच्या कोपऱ्यात विहिरीजवळ दरवर्षी जिथे भाताचं रोप करतो तिथली माती सोन्यासारखी. तिथे मी वाफा केला, बिया पेरल्या, 'कॉफी, नववी अ' अशी पाटी रोवली. वर्गात जाहीर केलं की पुढच्या जूनमध्ये दहावीच्या पुस्तकात ब्राझील शिकाल, तेव्हा कॉफीचं रोप समोर ठेवून शिकाल. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. पोरं रोज विचारायची, "सर, उगवली?" मार्चमध्ये एका दिवशी मी सरळ खोटं बोललो. "कोंब दिसायला लागलेत."

आणि मग राब भाजायचे दिवस आले. भाताचं रोप करायच्या जागेवर आम्ही शेण, पालापाचोळा, फांद्या अंथरतो, वर माती टाकतो आणि पेटवून देतो. तण जळतं, रोप जोमानं येतं. सावडीनं काम चालतं, म्हणजे बायका आळीपाळीनं एकमेकींच्या शेतात जातात. त्या रविवारी मी शेतावर पोचलो तर आमचा राब पेटलेला होता, आणि माझी पाटी बांधावर काढून ठेवलेली.

माझा पारा चढला. वहिनी पुढे येऊन म्हणाली, "ऐक, बिया उकरून बघितल्या मी," पण मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. सात-आठ बायकांसमोर मी ओरडलो, "चौथी शिकलेल्या माणसाला काय कळणार यातलं!"

वहिनीनं पदर खोचला आणि ती पुन्हा आगीकडे वळली.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी वाफ्याची एक कड उकरली. तिथे आग पोचली नव्हती. बिया सापडल्या. काळ्या, पोकळ, बोटानं दाबल्या की भुगा होणाऱ्या. त्या केव्हाच मेल्या होत्या, पेरण्याच्याही आधी, गच्चीवर. कॉफीची बी अशी कडक वाळवली की रुजत नाही. येमेनच्या व्यापाऱ्यांनी जे मुद्दाम केलं ते मी मन लावून, रोज एक बी चावून, फुकटात केलं होतं. ही गोष्ट वर्गाला सांगणारा मीच, घरी सांगणाराही मीच!

कळलं त्याच क्षणी जाऊन तिचे पाय धरायला हवे होते. मी धरले नाहीत. उद्या बोलू, परवा बोलू असं करत दिवस गेले. वहिनी जेवायला वाढायची, कामाचं बोलायची. "आज काय शिकवलं" मात्र तिनं विचारणं सोडलं. कामापुरतं बोलताना मला 'सर' म्हणू लागली, 'तुमी' म्हणू लागली. त्या उन्हाळ्यात मी घरात पाहुण्यासारखा राहिलो. शाळा सुरू झाली, पोरं दहावीत आली, तरी मी कधी घरी, कधी वर्गात, नजर चुकवत होतो.

आषाढात लावणी लागली. पुतणी येऊन म्हणाली, "काका, आज माणसं कमी आहेत, तुम्ही चला." आईनं पाठवलंय का, हे विचारायचं धाडस झालं नाही. गेलो. दुपारी पाणी प्यायला शेताच्या वरच्या अंगाला झऱ्याकडे गेलो. तिथे उंबराखाली दुधाच्या रिकाम्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या होत्या, त्यांत माती आणि प्रत्येकीत वीतभर रोप. गडद हिरवी, चकचकीत, काठाला किंचित चुण्या पडलेली पानं. चिकमगळूरला पाहिलेलं पान मी कुठेही ओळखलं असतं. अकरा होती.

मागून वहिनी हंडा घेऊन आली.

"ही कुठली?" मी विचारलं.

"तू धुतल्यास तवा मूठभर काढून घेतल्या व्हत्या. आमच्याकडं काकडीचं, शिराळ्याचं बी राखेत लोळवून सावलीला ठेवतात. तुझ्या पत्र्यावरच्या बघून मला बरं वाटत नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आयकून घेतलंस?"

एप्रिल-मेमध्ये हा झरा आटतो, विहीर तळाला जाते, गावाला टँकर येतो. मग या रोपांना पाणी कुठलं? मी विचारलं. तिनं हंडा खाली ठेवला.

"माझ्या वाटचं. तांब्या-तांब्या लागतं, जास्त नाय. पोरीनं सांगितलं, तू वर्गात बोललास कोंब आलेत. उद्या पोरं सरांना खोटारडा बोलायला नकोत."

"पण तू तर माझ्यावर रागावली होतीस, वहिनी."

"व्हते. अजून हाय. पण राग झाडावर कशाला काढू?"

मला रडू आलं ते मी लपवलं नाही. दोन महिने ती उन्हातून इथवर चढून येत होती, तेही माझं खोटं सावरायला, आणि ज्या तोंडानं मी तिला बोललो ते तोंड काळं होऊ नये म्हणून. मी तसाच खाली शेतात उतरलो. राबाच्या दिवशी होत्या त्याच बायका तिथे चिखलात वाकलेल्या होत्या. सगळ्यांसमोर बोललो होतो, तर सगळ्यांसमोरच मागे घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी वहिनीला जे बोललो ते चुकीचं बोललो. बिया मी मारल्या. तिनं जगवल्या."

कडेची एक म्हातारी म्हणाली, "सर, मोठ्यानं बोला, मागच्या बाकाला नाय आयकू आलं." सगळ्या हसल्या. मी पुन्हा, मोठ्यानं बोललो. वहिनी हसली नाही. भाताच्या रोपांची मूठ माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "उद्या ती कॉफीची रोपं शाळेत ने. अन् पोरांना खरं काय ते सांग."

मी म्हटलं, "तू चल. सांगायचं तूच."

ती नको नको म्हणत होती. पुतणीनं तिला जवळजवळ ओढूनच आणलं. मी आधी वर्गाला माझं खोटं सांगितलं, पत्रा सांगितला, दाताची परीक्षा सांगितली. मग मी खडू टेबलावर ठेवला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. वहिनी टेबलाशी उभी राहिली. आधी पदर सारखा करत राहिली. मग तिनं पिशवीतून राख आणि काकडीच्या ओल्या बिया काढल्या, आणि हात कामाला लागल्यावर तिचा आवाजही मोकळा झाला. बी कशी चोळायची, राख किती, सावली कुठली, कोंब ती बी डोक्यावर टोपीसारखी घेऊन कसा वर येतो, सगळं तिनं सांगितलं. एवढी शांतता मी माझ्या तासाला कधी मिळवली नाही.

ती रोपं आम्ही शाळेमागच्या आंब्याच्या सावलीला लावली. पाच आजही आहेत. जमीन आमची त्यांना फारशी मानवलेली नाही, पण फुलं येतात आणि ओंजळभर फळंही. दरवर्षी दहावीचा वर्ग एकेक फळ फोडून आतल्या दोन बिया बघतो.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. तास संपत आला तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "काकू, तुम्ही किती शिकलात?"

माझी मान खाली गेली. पुतणीनं वळून माझ्याकडे बघितलं. वहिनीनं हाताची राख झटकली.

"चौथी," ती म्हणाली, आणि मागच्या बाकाकडे बोट केलं. "त्याच्या पुढचं यानं केलं. आमच्या दोघांचं."